पहिला हात तुझा होता, संभा

संभा, पहिला हात तू उचललास. तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले आणि आज सकाळपर्यंत हे वाक्य मी कुणापाशी बोललो नव्हतो. पोलिसांपाशीही नाही. त्यांनी विचारलं, "शुरुआत किसने की?" तेव्हा मी म्हणालो, धूळ फार होती साहेब, नीट दिसलं नाही. धूळ होती हे खरं. दिसलं नाही हे साफ खोटं. मी रस्त्याच्या कडेला स्कूटर स्टँडवर लावत होतो आणि तळ्याच्या पाळीवर तू फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलेला मला स्पष्ट दिसला.

उद्या सकाळी मला पुन्हा ठाण्यात बोलावलंय. ज्याच्या हातून तू गेलास तो कैलास कोठडीत आहे. त्याच्यावर खुनाचा गुन्हा लागलाय. आणि सुरुवात पाहिलेला माणूस मी एकटाच आहे. तेव्हा उद्याच्या आत मला ठरवायचंय की तुझं नाव राखायचं की त्याचा जीव. दुपारची जेवणं झाल्यावर मी हा कागद घेऊन बसलोय, कारण असल्या गोष्टीत मी नेहमी तुलाच विचारत आलो.

बाकीच्यांचं ठरलंय. आपल्या रविवारच्या मंडळींनी स्नेहलतागंजच्या चौकात, भर इंदुरात, तुझा भलामोठा फ्लेक्स लावलाय. नावाच्या आधी 'पर्यावरण शहीद' असं लिहिलंय आणि खाली फाशीची मागणी आहे. फोटो तो निवडलाय ज्यात तू जांभळाचं रोप छातीशी धरून हसतोयस. तू हसत नव्हतास. फोटो काढणाऱ्या दुबेजींना तू नुकतीच एक सणसणीत शिवी हासडली होतीस आणि त्या समाधानात तुझे दात दिसत होते. शिवाय फ्लेक्स प्लास्टिकचा आहे. तू असतास तर पहिला तोच टराटरा फाडला असतास.

आपली मैत्रीही मारामारीतूनच सुरू झाली, आठवतं? सहावीत एका दांडगटाने माझा डबा गटारात फेकला होता. मी रडत बसलो आणि तू, ज्याच्याशी मी तोवर धड बोललोही नव्हतो, उठलास आणि त्याचं नाक फोडलंस. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्त ओघळलं तेव्हा मला जो आनंद झाला, तसा आनंद पहिल्या नंबरानेही कधी दिला नाही. त्यानंतर शाळेत मला कुणी बोट लावलं नाही. तुमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत, आमचे संस्थानच्या कचेरीत. तू मला 'दफ्तर' म्हणायचास, मी तुला 'सरदार'. पुढे मी तुझ्या बहिणीशी, मंदाशी लग्न केलं, तेव्हा भर मांडवात माझ्या नाकासमोर मूठ धरून तू म्हणालास, "दफ्तर, माझ्या बहिणीला रडवलंस ना, तर हा बघ, सीधा इथे बसेल." सगळा मांडव हसला. मीही हसलो.

माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला स्ट्रेचर वळत नव्हतं. तू कुणाला न विचारता तिला पाठीवर घेतलंस आणि एकेक पायरी मोजत उतरलास. ती तुझ्या कानात म्हणत होती, हळू रे राजा, आणि तू म्हणत होतास, "हौ काकू, एकदम आरामात." तुझी पाठ घामाने भिजली होती. ती पाठ मी विसरलेलो नाही. तुझ्याविषयी काहीही लिहायचं तर हे आधी लिहायला हवं होतं, पण उद्याचा दिवस मानेवर बसलाय.

रविवारच्या मंडळींत मी गेलो ते निवृत्त झाल्यावर, दुबेजींच्या आग्रहाने. चार शिक्षक, काही दुकानदार, एखादा डॉक्टर, कॉलेजात शिकवणाऱ्या बाया. उन्हाळा लांबत चाललाय, बोअर आटतायत, तेव्हा सरकारकडे बघत बसण्यापेक्षा आपणच काही करू, असा साधा विचार. शहराबाहेर, सिमरोल गावाच्या अलीकडे एक बुजत आलेलं तळं होतं, त्याची पाळ आम्ही साफ करायला घेतली. टोप्या, बॅनर, शपथ, झाडं, मग पोहे-जलेबी. पुढे एका वर्षी तू राऊच्या तुझ्या घरून मुद्दाम मजा बघायला आलास. कारखान्यातली सुरक्षा विभागाची नोकरी संपून तुलाही दिवस खायला उठला होता.

तू खिशात हात घालून पाळीवरून एक चक्कर मारलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "अरे दुबेजी, हे तर मागच्या सालचेच खड्डे आहेत. रोप मेलं, खड्डा तिथेच, आणि फोटो नया. वा भिया." आणि ते खरं होतं. आम्ही दर वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावत होतो. लावणं हा कार्यक्रम होता. जगवणं हा कार्यक्रम नव्हता.

जगवणं तू सुरू केलंस. त्या मे महिन्यात स्कूटरला दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधून तू राऊहून एक दिवसाआड जायचास. तुझा चेहरा तव्यावरच्या भाकरीसारखा झाला होता. कुसुमवहिनी मंदाला म्हणाल्या, बायकोला कधी पेलाभर पाणी दिलं नाही आणि झाडांना पाजतायत. आम्ही हसलो, तूही हसलास. पण पावसापर्यंत नव्वद टक्के मरायची ती रोपं त्या वर्षी उभी राहिली. कडुनिंब, करंज, जांभूळ. आज त्यांतली काही माझ्या डोक्याच्या वर गेलीत. हे कुणाच्या शपथेने झालेलं नाही, तुझ्या खांद्यांनी झालंय.

मग तो मलब्याचा मामला झाला. कुणीतरी इमारती पाडून निघालेल्या विटा-मातीच्या ट्रॉल्या तळ्यात आणून ओतत होतं. मी माझ्या पद्धतीने अर्ज लिहीत होतो. प्रत जोडून, पोच घेऊन. महिने गेले. एका सकाळी तू एका ड्रायव्हरला रंगेहात पकडलंस, कॉलर धरून खाली ओढलंस, दोन ठेवून दिल्यास आणि त्याच्याकडून हातांनी एकेक वीट पुन्हा ट्रॉलीत भरून घेतलीस. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. तू कंबरेवर हात ठेवून उभा होतास. त्यानंतर मलबा यायचा बंद झाला.

त्या रविवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या बायांनीही वाजवल्या, ज्या वर्गात मुलांना अहिंसा शिकवतात. मीही वाजवल्या. घरी येऊन मंदाला तो किस्सा तीनदा सांगितला, आणि दर वेळी त्या ड्रायव्हरला थोडा अधिक मार बसला. तेव्हापासून पाळीच्या तोंडाशी साखळी आणि कुलूप आलं. एक किल्ली तुझ्याकडे, एक सचिव म्हणून माझ्याकडे. नियमही तूच केलास की आत कोणतीही गाडी यायची असेल तर आधी तुला सांगायचं. न सांगता आलेली गाडी ही शत्रूची गाडी.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचो, शहाण्याला शब्दाचा मार. तू म्हणायचास, "आणि बाकीच्यांना? बाकीच्यांना माझा. तू अर्ज लिही, मी वसुली करतो." मी म्हणायचो, संभा, धाकाने आलेली माणसं धाक संपला की पळतात. तू म्हणायचास, "अबे, मग धाक संपूच द्यायचा नाही ना." यावर मी गप्प बसायचो. तुला वाटायचं तू जिंकलास.

शेवटचं भांडण थर्माकोलच्या प्लेटांवरून झालं. नव्यानेच येऊ लागलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हौसेने सगळ्यांसाठी पोहे आणले आणि सोबत थर्माकोलच्या प्लेटा. तू ती थप्पी हिसकावून फेकलीस. ते बिचारे "माफ करना भैया, ध्यान नहीं रहा" म्हणत गोळा करायला वाकले, तेव्हा तू त्यांना ढकललंस. ते ट्री-गार्डवर पडले. चष्मा फुटला, भुवई फाटली. त्यांच्या पोह्यांवर रक्ताचे थेंब पडले आणि तरी तू बोलतच होतास, पृथ्वी तापतेय आणि ह्या बुढ्ढ्याला अक्कल नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "संभा, पुढच्या रविवारी तू येऊ नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या उजव्या हाताची बोटं मिटताना मला दिसली. मग तू म्हणालास, "ठीक आहे दफ्तर," आणि पोहे न खाता निघून गेलास.

त्यानंतर आपण बोललो नाही.

त्या दिवसांत मी खत मागवलं. पावसाच्या आधी खड्डे भरून ठेवायचे होते. सिमरोलकडच्या एका ओळखीच्या माणसाने ओल्या कचऱ्याचं खत द्यायचं कबूल केलं. चाळलेलं नाही, त्यात प्लास्टिकचे तुकडे निघतील, तुम्हीच चाळून घ्या, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं चालेल, रविवारी सकाळी आमचे लोक यायच्या आत टाकून जा. त्याचा ट्रॅक्टर चालवणारा कैलास शनिवारी माझ्याकडून किल्ली घेऊन गेला. मी त्याला सांगितलं, सरळ आत जा, नव्या खड्ड्यांपाशी ओत. हे तुला सांगायला हवं होतं. नियम होता. फोन मी दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. मंदाने विचारलं तर म्हणालो, रुसलाय तो, आधी त्याने करू दे.

आणि तू रविवारी आलास. 'येऊ नको' म्हटलेल्या रविवारी, सगळ्यांच्या आधी, एकटा पाणी घालायला.

तुला काय दिसलं असेल ते मी रोज डोळ्यांपुढे आणतो. साखळी उघडी. ट्रॅक्टर आत. तीन वर्षं हातांनी वेचून साफ केलेल्या पाळीवर काळा, वास मारणारा ढीग पडतोय आणि त्यातून पॉलिथिनच्या चिंध्या उडतायत. ट्रॉलीच्या चाकाखाली एक करंज मोडलेला. आपण इंदूरची माणसं. झोपेतही ओला-सुका वेगळा करतो. रस्त्यावर कुणी कागद टाकला तर आपल्याला तो स्वतःच्या ताटात टाकल्यासारखा वाटतो. ते खत आहे हे दुसऱ्या गावच्या माणसाला वासावरून कळलं असतं. तुला फक्त कचरा दिसला.

मी रस्त्यावर पोचलो तेव्हा तू ओरडत होतास आणि तो माणूस ट्रॉलीमागून हात हलवत काहीतरी सांगत होता. शब्द आता मला माहीत आहेत, कारण त्याने ते पोलिसांनाही सांगितले. "अरे दादा, म्हने तो खाद लाने को बोल्यो थो, साब ने चाबी दी." खाद म्हणजे खतच, पण तू ऐकलं नाहीस. दांडा वर गेला आणि त्याच्या खांद्यावर आला. दुसरा फटका त्याने हातावर घेतला आणि मनगट मोडल्याचा आवाज मला रस्त्यापर्यंत आला. मी धावलो. खरंच धावलो, संभा. तू तिसरा उगारलास तेव्हा तो मागे सरकत ट्रॅक्टरला टेकला होता, आणि चांगल्या हाताला लागला तो लोखंडी पाना त्याने डोळे मिटून फिरवला. डोळे मिटून. हेही मला दिसलं. पाना तुझ्या कानामागे बसला. तू दांडा हातात घट्ट धरूनच खाली गेलास, त्याच काळ्या ढिगावर.

मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. रक्त आणि खत एक झालं होतं. तेवढ्यात रविवारच्या मंडळींची बस आली. हिरव्या टोप्या घातलेली आपली माणसं उतरली, त्यांनी तुला पडलेलं पाहिलं आणि कैलासला मोडका हात छातीशी धरून उभा असलेलं पाहिलं. पुढे जे झालं ते मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. दुबेजींनी, ज्यांनी बँकेत तीस वर्षं आवाज चढवला नाही, बॅनरची काठी काढली. डॉक्टरांनी लाथ घातली. एका बाईंनी चप्पल. तो जमिनीवर पडून "खाद है, खाद है" म्हणत होता आणि प्रत्येक 'खाद'ला त्याला एक बसत होती. मग कुणीतरी ट्रॉली पेटवली. हवा शुद्ध राहावी म्हणून भल्या सकाळी उठून आलेल्या माणसांनी टायर जाळले आणि त्याचा काळा धूर तू जगवलेल्या कडुनिंबांतून वर गेला.

एका शब्दाने ते थांबलं असतं. मी मागवलंय, एवढंच म्हणायचं होतं. मी तुझं डोकं धरून बसलो होतो आणि माझ्या तोंडातून तो शब्द निघाला नाही.

तू चार दिवस होतास. डोळे उघडले नाहीत. आयसीयूच्या काचेबाहेर मंदा सारखी म्हणत होती, दादा जिवंत असताना कुणाची माय व्याली होती का त्याला हात लावायची. चौथ्या दिवशी ते संपलं. पोलिसांनी मला विचारलं, खत मागवलं होतं का? मी म्हटलं, चौकशी केली होती. बघ, दफ्तरवाला कसा बोलतो. खोटं बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही.

आज सकाळी कैलासची बायको आमच्या दारात आली. तिने आरडाओरडा केला नाही. नवऱ्याचा फोन पुढे केला, त्यात माझा नंबर होता. म्हणाली, "साब, आपने ही तो बुलाया था." मंदाने तिला पाणी दिलं. ती गेल्यावर दार लावून मंदा माझ्यासमोर उभी राहिली.

"ती काय म्हणत होती?"

मी सगळं सांगितलं. किल्ली, खत, दांडा. मंदाने त्या बाईचा रिकामा पेला उचलून मोरीत ठेवला. मग म्हणाली, "ऐका माझं. माझा भाऊ मेलाय. मेलेल्या माणसावर तुम्ही गुन्हा टाकणार? तो स्वतः येऊन सांगू शकत नाही. तुम्ही उद्या बोललात ना, तर मग माझ्याशी नका बोलू."

तर सरदार, काय करू? तू असतास तर म्हणाला असतास, फालतूमध्ये टेन्शन घेतोस, सही करून मोकळा हो. कोणत्या कागदावर सही, ते मात्र तू सांगितलं नसतंस.

*

वरचं सगळं काल लिहिलं. पुढचं आज लिहितोय.

काल संध्याकाळी मी राऊला गेलो. म्हटलं, पहिला हक्क कुसुमवहिनींचा. त्या गवार मोडत बसल्या होत्या. मी खाली मान घालून सांगितलं की उद्या मी जबाबात सांगणार आहे, सुरुवात संभाने केली आणि खत मी मागवलं होतं. तुमची परवानगी नसेल तर नाही सांगणार. मला वाटलं, त्या रडतील किंवा मला घराबाहेर काढतील.

त्यांनी गवारीची शेंग मोडली, शिरा काढली आणि म्हणाल्या, "पहिला हात त्यांचाच असायचा, अविनाशजी. यात परवानगी काय मागता?"

मी वर बघितलं. त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळी वळत नव्हती. "हे दारात नव्हतं सापडलं," त्या म्हणाल्या.

संभा, ते बोट मोडलं त्या दिवशी तुम्हा दोघांना हाडांच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. शेजाऱ्यांची गाडी मागून आणली होती. वाटेत तू खिडकीबाहेर बघत होतास. वहिनी म्हणाल्या दारात सापडलं, आणि मी म्हणालो, दारं नीट लावत जा वहिनी. हे मी म्हणालो. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. गाडीत कुणीच कुणाकडे बघत नव्हतं, एवढं तर मला कळत होतं.

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्यांचे किस्से सांगायचे. कसं त्याला धुतला, कसा तो पळाला. मी चहा घेऊन यायचे, तुम्ही हसत असायचे. मतलब, बाहेर केलं तर बहादुरी. आणि घरी केलं तर दार." त्यांचा आवाज चढला नव्हता. "झालं ते सांगा. माझा गेला, त्या बाईचा कशाला घालवता? आणि तो फ्लेक्स उतरवा. आयुष्यभर खोटं बोलले. पाय घसरला, दार लागलं. आता शहीदाची बायको होऊन बोलत बसायचं मला जमणार नाही."

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, झाडांना मात्र पाणी द्या, ते त्यांनी चांगलं केलं. मग पदर तोंडाला लावून रडल्या. तुझ्यासाठीच रडल्या, संभा. ते मला शेवटपर्यंत समजणार नाही, आणि मी समजून घ्यायचा प्रयत्नही करणार नाही, कारण मीही परतताना रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून तसाच रडलो.

आज सकाळी ठाण्यात मी सगळं सांगितलं. साखळी, किल्ली, माझा फोन, तुझे दोन फटके आणि तिसरा उगारलेला, त्याचे मिटलेले डोळे. दुबेजींच्या काठीचंही सांगितलं. मंडळी आता मला सोडणार नाहीत. मंदाने सकाळी चहा ठेवला तो एकच कप. इन्स्पेक्टरने सगळं हिंदीत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि मी सही करायला पेन उचललं तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?"

मी म्हटलं, "डर गया था साहब."

"किससे? वो तो बेहोश पड़ा था."

त्यांना मी उत्तर दिलं नाही. सही केली आणि बाहेर आलो. पण उत्तर तुला द्यायला हवं, कारण ते तुझंच आहे. मला तुझी भीती वाटायची, संभा. सहावीपासून. तू त्या पोराचं नाक फोडलंस तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी मला हेही कळलं की याच्या विरुद्ध बाजूला कधी उभं राहायचं नाही. पन्नास वर्षं मी तुझ्या बाजूला उभा राहिलो. आपले वाद अपुरे राहिले ते तू जिंकायचास म्हणून नाही. मी अर्ध्यात थांबायचो. बोटं मिटलेली दिसली की मी थांबायचो. आणि त्या शनिवारी फोन दोनदा खाली ठेवला तो रुसव्यामुळे नाही. कुसुमवहिनी दाराचं नाव सांगायच्या, मी रुसव्याचं सांगितलं. तू ओरडशील, ए, मला विचारल्याशिवाय मागवतोस काय म्हणशील, म्हणून मी घाबरलो, एवढंच. साठी उलटलेला माणूस, मित्राला फोन करायला घाबरला.

तू मला एकदाही मारलं नाहीस. त्याबद्दल कृतज्ञ राहायचं की त्याचा राग धरायचा, मला ठरवता येत नाही. आईला पाठीवरून उतरवणारा तू आणि वहिनींचं बोट मोडणारा तू, दोघांनाही मीच खांदा दिला.

फोनमध्ये तुझा नंबर अजून आहे. आज ठाण्याबाहेर उभं राहून मी तो लावला. बंद येतो. तरी मी बोललो. उद्या खत येतंय, संभा. एवढंच म्हणायचं होतं.